सासू-सासऱ्यांना खडकावर नेतेस ना, मग ऐक

अगं, सासू-सासऱ्यांना टेक्सासमधल्या एन्चांटेड रॉकला न्यायचं ठरवलंस, फार छान केलंस. मॉल आणि मंदिरं पाहून पाहुणे कंटाळतातच. फक्त निघण्याआधी माझं थोडं ऐकून घे.

आधी डे-पास ऑनलाइन काढून ठेव. हवा चांगली असलेल्या शनिवार-रविवारी गर्दी झाली की फाटक बंद करतात. मग ऑस्टिनहून दोन तास गाडी हाकून नुसतं फ्रेडरिक्सबर्गचं बाजारपेठ-दर्शन होतं. जमलं तर मधल्या वारी जा आणि सकाळी लवकर चढायला लाग. खडक उघडाबोडका आहे, सावली जवळजवळ नाहीच. पाणी भरपूर घे, आणि चपला नकोत, बूटच हवेत.

माथ्याची वाट एकीकडून मैलभरही नाही, खडकाची उंची पायथ्यापासून ४२५ फूट. हे ऐकून सासरे म्हणतील, "आम्ही राजगड चढलोय!" चढले असतील गं, पण तेव्हाचे गुडघे वेगळे होते. इथे वरच्या भागात धरायला काही नाही, नुसता तिरका कातळ. चढताना दम लागतो, पण खरी परीक्षा उतरताना असते.

आणि एक कर. "आई, दमलात का?" असं विचारूच नकोस. सुनेपुढे कुठली सासू हो म्हणेल? त्यापेक्षा "मला जरा टेकू दे" म्हणून तूच बस. त्या लगेच शेजारी बसतील, बघ.

बसल्यावर बोलायला विषय आहेतच. सासऱ्यांना सांग, सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे वर येऊन पसरलेला लाव्हा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हा गुलाबी ग्रॅनाइट मात्र जमिनीच्या पोटातच थिजला, सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी. वरचा भार झिजून गेला तसा तो फुगला आणि कांद्यासारखे त्याचे पापुद्रे सुटू लागले. बाजूला घसरलेल्या त्या मोठाल्या लाद्या म्हणजे तेच. सासूबाईंना भुताची गोष्ट सांग. इथले मूळ रहिवासी टोंकावा लोक मानत की माथ्यावर रात्री भुतांचे जाळ दिसतात. रात्री खडक करकरतो, कण्हतो, असंही म्हणतात. दिवसा तापलेला दगड गार होताना आकसतो, म्हणून तो आवाज, असं भूशास्त्रज्ञ सांगतात.

माथ्यावर खोलगट जागी पाणी साचतं. त्यात पाय घालू देऊ नकोस, मुलांनाही नाही आणि फोटोसाठीही नाही. ती डबकी कोरडी दिसली तरी त्यांच्या मातीत इवल्याशा कोळंबीसारख्या जिवांची अंडी पाऊस पडेपर्यंत तग धरून असतात.

माथा गाठलाच पाहिजे असा हट्ट मात्र धरू नकोस. अर्ध्या वाटेवरूनही सगळा मुलूख दिसतो. सासूबाई तिथेच थांबते म्हणाल्या तर थांबू दे, पण सोबत तूच थांबायचं हे गृहीत धरू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, सगळ्यांना वर पाठवून पिशव्या सांभाळत बसशील. नवऱ्याला बसव. आई त्याची आहे, इतक्या लांबून आली आहे, दोघांना निवांत बोलायला तरी मिळेल. तू सासऱ्यांबरोबर वर जाऊन ये.