अणू फुटतो तेव्हा वजन कोठे जाते?

लाकूड फोडले तर ढलप्या निघतात, धग निघत नाही. धगीसाठी ते जाळावेच लागते. मग अणू नुसता फोडला की एवढी उष्णता कोठून येते? विज्ञानशाखेच्या मित्रांना हा प्रश्न बाळबोध वाटेल. परंतु १९४५ नंतरचा जगाचा इतिहास त्याच्या उत्तराशी बांधलेला असल्याने आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनीही तो समजून घेतला पाहिजे.

डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिन येथे ऑटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांनी युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केला, तेव्हा त्यात कितीतरी हलके असे बेरियम सापडले. हे कोडे हान यांनी आपल्या जुन्या सहकारी लिझ माइट्नर यांना पत्राने कळविले. माइट्नर ज्यू कुळातल्या. नाझी राजवटीमुळे त्याच वर्षी त्यांना जर्मनी सोडून स्वीडनमध्ये आश्रय घ्यावा लागला होता. नाताळच्या सुट्टीत भाचा ऑटो फ्रिश याच्यासह त्यांनी ते सोडविले.

युरेनियमच्या अणुकेंद्रात ९२ प्रोटॉन असतात. सारे धनभारित, म्हणून एकमेकांना दूर लोटणारे. फक्त अगदी जवळच्या अंतरावर चालणारे केंद्रीय बल त्यांना कसेबसे बांधून ठेवते. बाहेरून न्यूट्रॉन आत शिरला की पाण्याच्या थेंबासारखा हा गोळा डळमळतो, मध्ये चिंचोळा होतो आणि दुभंगतो. दोन्ही तुकडे प्रचंड वेगाने दूर फेकले जातात. आसपासच्या अणूंवर आदळून त्या वेगाची उष्णता होते.

आता हिशेब पाहू. एका पोत्यातली ज्वारी दोन पोत्यांत भरली तरी एकूण वजन तेच भरते. येथे मात्र तुकडे आणि सुटलेले न्यूट्रॉन मिळून वस्तुमान मूळापेक्षा कमी भरते. माइट्नर यांच्या हिशेबाने ही तूट एका प्रोटॉनच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकी होती. आइन्स्टाइनच्या समीकरणाप्रमाणे तिला प्रकाशवेगाच्या वर्गाने गुणले, की सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा येते. तुकड्यांच्या वेगासाठी लागणारी ऊर्जाही तेवढीच! अशा रीतीने १ ग्रॅम युरेनियम-२३५ पूर्ण दुभंगले तर अडीच-तीन टन चांगल्या कोळशाइतकी उष्णता मिळते.

प्रत्येक विभाजनात दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात. नियंत्रक दांड्यांनी जादा न्यूट्रॉन शोषून घेऊन सरासरी एकालाच पुढचा अणू फोडू दिला, तर ती अणुभट्टी होते. १९६९ साली सुरू झालेले आपले तारापूरचे वीजकेंद्र याच तत्त्वावर उभारले गेले. अर्थात मागे उरणारा किरणोत्सर्गी कचरा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावा लागतो. आणि ही साखळी मोकळी सोडली, तर ६ ऑगस्ट १९४५ चे हिरोशिमा होते. त्या दिवशी नाहीसे झालेले वस्तुमान १ ग्रॅमहूनही कमी होते.

हान यांना १९४४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. माइट्नर यांना ते कधीच मिळाले नाही. बॉम्बच्या कामाचे निमंत्रण मात्र आले होते. ते त्यांनी नाकारले. अणूत ऊर्जा किती, हे गणित सांगते. ती कशासाठी सोडावयाची, हे इतिहास आणि राज्यशास्त्र शिकणाऱ्यांनीही विचारावयाचे आहे. त्यासाठीच हा लेखनप्रपंच.