भोकाचा पैसा

आमच्या माहुलच्या घरी आजीच्या डब्यात एक पैसा होता. त्याला मधोमध भोक. मी लहानपणी विचारले, "आजी, हे भोक कोणी पाडले?" ती म्हणाली, "सरकारने! तांबे वाचवायला." आजीला अक्षर येत नव्हते, पण तिचे म्हणणे अगदी खरे होते.

दुसऱ्या महायुद्धात तांबे काडतुसांना लागे. म्हणून १९४३ ते १९४७ पर्यंत असे काशाचे पैसे निघाले. मुंबईच्या टांकसाळीतही ते पडत. आधीचा पैसा पाच ग्रॅमच्या आसपास, हा जेमतेम दोन ग्रॅम. किंमत मात्र तीच. रुपयाला ६४ पैसे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले.

पण भोकाच्या नाण्यांचा खरा देश चीन. इ. स. पूर्व २२१ मध्ये छिन सम्राटाने सारा देश एक केला आणि चौकोनी भोकाचे गोल नाणे सगळीकडे चालू केले. ही तऱ्हा दोन हजारांवर वर्षे टिकली!

आपला पैसा ठशाने ठोकलेला, तर चिनी नाणे ओतीव. ते असे करीत. बारीक वाळूत नमुन्याची नाणी दाबून साचा घेत. मधे पन्हळ ठेवीत. मग वितळलेले कासे ओतीत. निवल्यावर फांदीला फळे लागावी तशी नाणी निघत. ती तोडून चौकोनी गजावर ओवीत आणि कानशीने कडा घाशीत. भोक गोल असते तर घासताना नाणे गजावर फिरले नसते का? शेवटी दोरीत ओवून त्यांच्या माळा करीत.

लबाड लोक तिथेही होतेच. चोरून नाणी ओतायची, शिसे जास्त घालायचे, नाणे पातळ करायचे. त्यात नाडला जाई तो गरीब. अशी चिनी नाणी व्यापाराबरोबर आपल्या देशातही आली. तंजावर भागात ती शेकड्यांनी सापडली आहेत.

आता कामाची गोष्ट. जुने नाणे चिंचेने घासू नका, अक्षरे झिजतात. भंगारात वजनावर देऊ नका. आणि पाया खणताना जमिनीत जुनी ठेव सापडली, तिची किंमत दहा रुपयांहून जास्त असली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवले तर शिक्षा आहे. तो अर्ज आता तुम्हाला स्वतः लिहिता येईल.

घरच्या डब्यातला पैसा मात्र तुमचाच. त्यावरचा सन आज वाचून पाहा.