घरातील व्हिडिओ कॅसेट डिस्कवर उतरविण्यासाठी यंत्र कोणते घ्यावे?

आपल्याकडील बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जुन्या चादरींच्या मागे, पाच-दहा काळ्या व्हिडिओ कॅसेट पडलेल्या असतात. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले आणि त्यानंतरच्या काळात आखाती देशांत नोकरीला गेलेली आपली माणसे सुटीवर येताना व्हीसीआर घेऊन येऊ लागली. पाठोपाठ गावोगावी लग्नाचे शूटिंग करणारे तयार झाले. निकाह, वलीमा, हजला निघालेल्या दादांचा निरोप, परदेशातील मुलासाठी आईने कॅमेऱ्यासमोर बसून बोललेले चार शब्द, हे सर्व त्या फितीवर आहे. बोलणारी माणसे आज हयात नाहीत. फीत मात्र आहे, आणि ती दर पावसाळ्यात थोडी थोडी मरत आहे.

कॅसेट चालविणारी यंत्रेही संपत आली. व्हीएचएस पद्धत जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली बाजारात आणली, आणि जपानच्याच फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबविले. त्यानंतर जे काही मिळते ते जुने, वापरलेले. तेव्हा ज्या बांधवांचा फोटो स्टुडिओ आहे किंवा टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचे दुकान आहे, त्यांच्यासाठी हे एक छोटे पण खरे काम आहे, आणि ते फार काळ राहणार नाही. मी स्वतः पूर्वी लग्नाचे शूटिंग करीत असे आणि पुढे हे काम करू लागलो. "मशीन कोणते घेऊ?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर माझ्या चुकांसकट येथे देत आहे.

बहुतेक जण येथेच चुकतात की, डिस्क बनविणाऱ्या यंत्रावर पैसा घालतात आणि कॅसेट चालविणारा व्हीसीआर मिळेल तो घेतात. खरे तर उलटे करावयास हवे. याचे कारण समजण्यासाठी व्हीसीआरच्या पोटात काय चालते ते पाहू. अर्धा इंच रुंदीची फीत एका चकचकीत ड्रमभोवती गुंडाळली जाते. आपल्या पाल पद्धतीत हा ड्रम सेकंदाला २५ फेरे घेतो, म्हणजे एका फेऱ्यात एक पूर्ण चित्र. ड्रमवरील दोन हेड फितीवरच्या तिरप्या रेघा आळीपाळीने वाचतात. फीत थोडी ताणलेली असली, आखडलेली असली किंवा रबराचा रोलर गुळगुळीत झाला असला की प्रत्येक रेघ किंचित मागेपुढे होते. जुना टीव्ही हे खपवून घेत असे. चित्र जरा वाकले, वरच्या बाजूला झेंड्यासारखे फडफडले, इतकेच. संगणकाला जोडायची डबी मात्र खपवून घेत नाही. ज्या चित्राचा हिशेब तिला लागत नाही ते ती गाळून टाकते. आवाज मात्र पूर्ण घेते.

याचा परिणाम मी पाहिला आहे. सुरुवातीला मी बाजारातील सर्वात स्वस्त यूएसबी डबी घेतली आणि तीन तासांची एक कॅसेट उतरविली. पहिली दहा मिनिटे पाहून समाधान मानले व गिऱ्हाईकाला डिस्क दिली. दुसऱ्या दिवशी ते हसत हसत परत आले. नवरदेवाचे ओठ "कबूल है" म्हणून मिटून जात होते आणि आवाज मागाहून येत होता. पंचवीस चित्रे गळाली की एका सेकंदाचा फरक पडतो, आणि जुन्या फितीवर पंचवीस चित्रे गळण्यास वेळ लागत नाही. गिऱ्हाईक भले होते म्हणून हसले. मी पुन्हा तीन तास बसलो.

आता यंत्रांच्या निवडीकडे वळू. बाजारात साधारण तीन प्रकार आढळतात. पहिला, एकाच पेटीत व्हीसीआर व डीव्हीडी रेकॉर्डर असलेले जोडयंत्र. एलजी, सॅमसंग, पॅनासॉनिक, जेव्हीसी अशा कंपन्यांनी ते काढले होते. कॅसेट घाला, कोरी डिस्क घाला, बटण दाबा, काम सुरू. ज्याच्या घरी आठ-दहा कॅसेट आहेत आणि ज्याला संगणकाच्या भानगडीत पडायचे नाही, त्याला हे पुरेसे आहे. पण त्यातील व्हीसीआरचा भाग सहसा साधाच असतो, आणि दोहोंपैकी एक बिघडले की दोन्ही कामे अडतात. घेताना आणखी एक खात्री करावी. असाच दिसणारा, पण फक्त डीव्हीडी वाजविणारा प्लेअर असलेला जोडही बाजारात भरपूर आहे. त्यावर 'रेकॉर्डर' असे स्पष्ट लिहिलेले हवे. विकणारा दोन्ही एकच म्हणून सांगतो.

दुसरा प्रकार म्हणजे वेगळा चांगला व्हीसीआर व वेगळा डीव्हीडी रेकॉर्डर. तिसरा म्हणजे चांगला व्हीसीआर, त्यापुढे संगणक आणि मधे चित्र घेणारे उपकरण. दुकान म्हणून काम करणाऱ्याला माझा सल्ला या दोहोंच्या मिश्रणाचा आहे. व्हीसीआरची तार प्रथम डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये न्यावी आणि रेकॉर्डरमधून बाहेर पडणारी तार संगणकाच्या उपकरणाला द्यावी. कित्येक रेकॉर्डर डिस्कवर काही न लिहितासुद्धा आतून जाणारे चित्र सरळ करून देतात. पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस१० हा जुना रेकॉर्डर याच गुणामुळे या कामातील लोकांत प्रसिद्ध आहे. त्याचा डिस्क लिहिणारा भाग मेलेला असला तरी हे काम होते, आणि अशी 'मेलेली' पेटी भंगाराच्या भावातही मिळू शकते. काही वरच्या दर्जाच्या एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये रेघा सरळ करणारी योजना आतच असते. असा व्हीसीआर चालू स्थितीत मिळाला तर दोन पैसे जास्त देऊन घ्यावा.

जोडणी करताना अँटेनाची तार वापरू नये. पिवळ्या, पांढऱ्या, लाल टोकांची एव्ही तार वापरावी. एस-व्हिडिओचे छिद्र दोन्हीकडे असेल तर चित्रासाठी ते वापरावे. साध्या व्हीएचएसवर फार मोठा फरक दिसत नाही, पण रंगांच्या कडा जरा स्वच्छ येतात.

परदेशातून यंत्र मागविणाऱ्यांनी येथे थांबून वाचावे. आपल्याकडील कॅसेट पाल पद्धतीच्या, ६२५ रेघांच्या. अमेरिका व जपानमधील यंत्रे एनटीएससी पद्धतीची, ५२५ रेघांची. शिवाय वीज तिकडे १२० किंवा १०० व्होल्टची, आपल्याकडे २३०. तेथील नातेवाइकाने प्रेमाने पाठविलेले यंत्र येथे थेट लावले तर धूर निघेल. ट्रान्सफॉर्मर लावला तरी आपली कॅसेट ते बहुधा वाचणार नाही. आखाती देशांतून आलेले व्हीसीआर बरेचदा अनेक पद्धती वाचणारे असतात. तसे पाठीमागे किंवा पुढच्या पट्टीवर छापलेले पाहावे. अमेरिकेतील नातेवाइकांनी पाठविलेल्या कॅसेटही येतातच, म्हणून दुकानात असा एक व्हीसीआर असणे सोयीचे.

जुने यंत्र पारखून घेताना

मुंबईच्या चोर बाजारात किंवा लॅमिंग्टन रोडवर जुने यंत्र घेण्यास जाल तेव्हा आपली स्वतःची एक कॅसेट बरोबर न्यावी, पण जिवाची नव्हे. तिच्यात काय आहे ते आपल्याला पाठ असावे. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशी तीन ठिकाणी चालवून पाहावी, कारण फितीचा भार एका चाकावरून दुसऱ्यावर गेला की ताण बदलतो आणि दोष तेव्हाच दिसतो. पुढे-मागे गुंडाळून पाहावे. मग कॅसेट बाहेर काढून तिचे झाकण उचलावे व फितीची कड बघावी. कडेवर बारीक घडी किंवा सुरकुती पडली असेल तर ते यंत्र कितीही स्वस्त असो, घेऊ नये. चित्राच्या अगदी तळाशी फडफडणारी एक बारीक पट्टी दिसली तर घाबरू नये, ती सर्व व्हीएचएसला असते. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती झाकली जाई.

डीव्हीडी रेकॉर्डर घेताना कोरी डिस्क खिशात ठेवावी. पाच मिनिटे रेकॉर्ड करून डिस्क 'फायनलाइज' करावी, म्हणजे बंद करावी, आणि दुसऱ्याच्या प्लेअरवर लावून पाहावी. बंद न केलेली डिस्क इतर यंत्रांवर सहसा चालत नाही. आणि रिमोट मागावा. अनेक रेकॉर्डरमध्ये डिस्क बंद करण्याची सोय केवळ रिमोटमधूनच होते, त्यामुळे बिनरिमोटचे यंत्र पुष्कळदा अर्धेच यंत्र ठरते.

आता माझ्या सर्वात मोठ्या चुकीविषयी. कोकणातून एक भगिनी एकच कॅसेट घेऊन आल्या. त्यांचे वालिद परदेशात वारले होते आणि त्यांचा चालता-बोलता असा हा एकच पुरावा घरात होता. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसत होते. मी घाईत होतो. धूळ असेल म्हणून तशीच यंत्रात घातली. ती धूळ नव्हती, बुरशी होती. एक थर दुसऱ्याला चिकटला होता. ड्रमने फीत ओढली, हेड भरले, चित्र पांढरे झाले, आणि मी बटण दाबेपर्यंत सुमारे हातभर फीत चुरगळून गेली. तेवढा भाग गेला तो गेलाच. बाकीचे नंतर निघाले आणि त्यात वालिद होते, हे त्यांचे नशीब. माझी हुशारी त्यात काहीच नव्हती.

तेव्हापासून माझा नियम असा की पांढरे ठिपके दिसलेली कॅसेट चालू यंत्रात घालायचीच नाही. ती इतर कॅसेटपासून वेगळी ठेवावी, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात काही दिवस कोरडी होऊ द्यावी. मग पाठीमागचे पाच स्क्रू काढून उघडावी, नाकातोंडावर फडके बांधून, मोकळ्या हवेत, तंतू न सुटणाऱ्या कापडातून फीत हलक्या हाताने एकदा गुंडाळून घ्यावी. यासाठी एक टाकाऊ यंत्र राखून ठेवलेले बरे. हेड साफ करताना आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ चामड्याचा तुकडा वापरावा. चामडे स्थिर धरून ड्रम हाताने फिरवावा. वर-खाली कधीही घासू नये, हेड तुटते. आणि कोणतीही कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी तिच्या कडेचे छोटे प्लास्टिकचे पान मोडून टाकावे, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले तरी वर काही छापले जाणार नाही.

डिस्कचा हिशेब सोपा आहे. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. रेकॉर्डरवर एक तास, दोन तास, चार तास, सहा तास असे पर्याय असतात. एका डिस्कवर दोन तासांपेक्षा जास्त कोंबू नये. चार तासांच्या पर्यायात जुन्या फितीचे दाणे चौकटी-चौकटी होऊन दिसतात. ई-१८० कॅसेट तीन तासांची, तिला दोन डिस्क लावाव्यात. गिऱ्हाईकाला एकच हवी असते, त्याला समजावून सांगावे. आठ मिलिमीटरच्या छोट्या कॅसेटला तिचाच कॅमेरा लागतो. मिनी-डीव्ही असेल तर ती मुळातच डिजिटल आहे, ती फायरवायरच्या तारेने जशीच्या तशी संगणकात घ्यावी, पिवळ्या तारेने घेऊन बिघडवू नये.

डिस्क हीसुद्धा कायमची नाही, हे गिऱ्हाईकापासून लपवू नये. डिस्क बनविणारी आपल्या देशातील मोठी कंपनी मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात निघाली, सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क काढणे बंद केले. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कची फट नसते. म्हणून डिस्कबरोबर तेच चित्र पेन ड्राइव्हवरही द्यावे, आणि मुलांपैकी दोघांकडे प्रत ठेवण्यास सांगावे. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नये.

दर ठरविताना वेळ मोजावा. कॅसेट घाईने उतरत नाही. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते. एका यंत्रावर दिवसाला दोन, फार तर तीन कॅसेट होतात, आणि त्यातही मधून मधून पाहावे लागते. काही जण "चित्र नव्यासारखे करून देऊ" अशी पाटी लावतात. तसे होत नसते. फितीवर जे उरले तेच निघते. सिनेमाच्या विकत घेतलेल्या कॅसेट उतरवून विकण्याच्या मोहात पडू नये, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने तो गुन्हा आहे. यंत्रेही तेथे अडतात. कधी कधी खराब झालेल्या घरगुती फितीलाही रेकॉर्डर सिनेमाची समजून नकार देतो. अशा वेळी दुसऱ्या व्हीसीआरवरून चालवून पाहावे.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजात विशेष आहे. लग्नाच्या कॅसेटमध्ये जनानखान्याचे चित्रण असते, आणि त्यामुळेच कित्येक घरे कॅसेट बाहेर देत नाहीत, कुजू देतात. त्यांची भीती रास्त आहे. मी दुकानातील पडदा भिंतीकडे तोंड करून ठेवतो. चित्र तपासण्यासाठी घरातील एखाद्या बाईंना बसावयाचे असल्यास तशी वेळ देतो. दुकानातील पोऱ्याला ते काम देत नाही. डिस्क व पेन ड्राइव्ह दिल्यावर संगणकातील प्रत गिऱ्हाईकाच्या देखत पुसतो, आणि तसे पावतीवर लिहून सही घेतो. ही अमानत आहे, म्हणून पावती जाड पुठ्ठ्याची ठेवली आहे. तिच्यावर कॅसेटची संख्या, प्रत्येकीची आणतानाची स्थिती, बुरशी, तुटलेली फीत, सारे आधीच नोंदवितो, म्हणजे पुढे वाद होत नाही. मूळ कॅसेट नेहमी परत करतो. डिस्क मिळाली म्हणून ती फेकून देऊ नका, असेही सांगतो, कारण उद्या याहून चांगले यंत्र हाती आले तर तीच पुन्हा लागेल.