धारवाडला चाललं, पुण्यात फसलं

घरच्या लॅपटॉपवर पायथॉनमध्ये हवेचं छोटंसं मॉडेल लिहून बघावं असं ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांनी माझी फजिती आधी वाचावी.

पहिली चूक बहुतेक सगळेच करतात. मी हवेचा थर १० किलोमीटर जाड धरला, २० किलोमीटरची जाळी आखली (एका खुंटीवर हुबळी, पुढच्या खुंटीवर धारवाड) आणि हिशोब पाच-पाच मिनिटांच्या पायऱ्यांनी पुढे नेला. असल्या थरात दाबाची लाट सेकंदाला साधारण ३१३ मीटर धावते. म्हणजे हुबळी ते धारवाड ६४ सेकंदांत; तेवढ्यात आपली चिगरी बस पहिला सिग्नलही ओलांडत नाही. एका पायरीत लाट चौकटीच्या पुढे निघून गेली की हिशोब कोसळतो. कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी हे १९२८ सालीच दाखवून ठेवलंय. माझे आकडे बघता बघता फुगले आणि पडद्यावर नुसतं 'नॅन, नॅन' (म्हणजे 'हा आकडाच नव्हे'). पायरी ३० सेकंदांची केली, काम सुरू झालं.

ही चूक बरी, कारण ती बोंब मारते. हवामानशास्त्रज्ञ रिचर्डसनने २० मे १९१० चं हवामान हाताने गणित करून काढलं, तेव्हा सहा तासांत १४५ मिलिबार दाबवाढ निघाली. असं कुठे होत नाही, हे त्यालाही दिसत होतं. तरी १९२२ च्या पुस्तकात त्याने ते उत्तर तसंच छापलं. माणूस मोठा!

माझी दुसरी चूक मात्र मुकी होती. पृथ्वीच्या फिरण्याने वारा वळतो, त्यासाठी अक्षांशाचा साइन लागतो. मी धारवाडचे १५.४६ अंश तसेच घातले. पायथॉनला कोन रेडियनमध्ये हवा असतो. खरं उत्तर ०.२६७, मला मिळालं ०.२४५. निव्वळ योगायोग, पण कुणाला संशय येणार?

खरं तर मला यायला हवा होता. दाब काढून नुसता वारा सोडला, तर धारवाडच्या अक्षांशावर तो साधारण ४५ तासांत गिरकी पूर्ण करून मूळ दिशेला येतो. माझा ४९ तासांनी आला. "जाळी ढोबळ आहे, चालायचंच," म्हणून मी पुढे गेलो. या आकड्याचा जाळीशी काडीचा संबंध नसतो, हे तेव्हा तपासलं असतं तर पुढचे दोन महिने वाचले असते.

मग पुण्याचा भाचा म्हणाला, "मामा, आमच्यासाठी चालवा की." १८.५२ घातले, मधोमध कमी दाब धरून ठेवला, थोडं घर्षण दिलं. भाचा चित्राकडे बघतच राहिला. "मामा, हे वादळ उलटं फिरतंय." उत्तर गोलार्धात कमी दाबाभोवती वारा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, माझा काट्यांबरोबर फिरत होता. साइन आला होता उणे ०.३२४, खरा अधिक ०.३१८. पुणे मी दक्षिण गोलार्धात नेऊन ठेवलं होतं.

तेव्हा आपल्या गावाचा आकडा पटला म्हणून सूत्रावर विश्वास टाकू नका. शून्य घालूनही तपासू नका. चुकलेलं सूत्रही तिथे शून्यच देतं. ३० घाला. ०.५ यायला हवं. मला उणे ०.९८८ आलं असतं.