झोपेची पाने वाचणारे यंत्र

झोप ही एकसंध अवस्था नाही, हा विचार आपल्याला नवा नाही. मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती अशा अवस्था वेगळ्या मांडल्या आहेत. (चौथी तुरीय, ती या लेखाच्या आवाक्याबाहेरची!) मात्र तेवढ्यावरून "ईईजी आमच्या ऋषींना ठाऊक होता" असे म्हणण्याचा मोह आवरलेला बरा. माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरी प्रथम नोंदवल्या त्या जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी, १९२४ मध्ये. झोपेत काही काळ बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात आणि त्या वेळी उठवल्यास माणूस बहुधा स्वप्न सांगतो, हे शिकागो विद्यापीठातील ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. ॲसेरिन्स्कींनी सुरुवातीला तारा चिकटवल्या होत्या त्या स्वतःच्या लहान मुलाला!

आज घोरण्यामुळे किंवा दिवसा येणाऱ्या पेंगेमुळे डॉक्टरांनी 'स्लीप स्टडी' करायला सांगितली, तर दवाखान्यात रात्रभर डोक्यावर, डोळ्यांजवळ आणि हनुवटीवर अशाच तारा लावतात. सकाळी हाती येते ती सात-आठ तासांची वेडीवाकडी रेघ. ती ३० सेकंदांच्या तुकड्यांनी वाचायची. तीसच का? जुन्या यंत्रातला कागद सेकंदाला १० मिलिमीटर सरकत असे आणि ३० सेंटिमीटरच्या पानावर ३० सेकंद मावत. कागद गेला, पान राहिले. आठ तासांची अशी ९६० पाने होतात. प्रशिक्षित तंत्रज्ञ प्रत्येक पानावर शिक्का मारतो: जागा, एन-१, एन-२, एन-३ किंवा रेम.

डोळे मिटून स्वस्थ पडले की सेकंदाला ८ ते १३ वेळा हेलकावणारी अल्फा लहर दिसते. ती विरली की एन-१, म्हणजे डुलकी. एन-२ मध्ये 'स्पिंडल' उमटतात. सूत गुंडाळलेली टकळी आठवा: मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती. गाढ झोपेत, म्हणजे एन-३ मध्ये, मोठ्या संथ लाटा पानाचा निदान पाचवा हिस्सा व्यापतात. रेममध्ये मेंदूची रेघ जागेपणासारखीच दिसते, पण हनुवटीचे स्नायू ढिले पडलेले असतात. हनुवटीवर तार कशाला, याचे उत्तर हे.

हे काम यंत्राला शिकवताना पूर्वी काय मोजायचे ते माणूस ठरवून देत असे. आता शिक्के मारलेली हजारो पाने कॉम्प्युटरपुढे ठेवतात आणि खुणा त्यानेच शोधायच्या. २०१७ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील संशोधकांनी मांडलेल्या 'डीपस्लीपनेट'चे दोन भाग आहेत. एक पानातले आकार ओळखतो, दुसरा मागच्या-पुढच्या पानांचा क्रम ध्यानात घेतो. तंत्रज्ञही शेजारची पाने पाहतोच की.

इथे परीक्षकाने सावध राहायला हवे. एकाच माणसाची काही पाने सरावात आणि काही परीक्षेत आली, तर तो सरळसरळ पेपर फुटण्याचा प्रकार. परीक्षा अनोळखी माणसांच्या झोपेवरच घ्यावी. शिवाय प्रौढ माणसाची जवळजवळ अर्धी झोप एन-२ ची असते. प्रत्येक पानावर डोळे मिटून 'एन-२' ठोकणारे यंत्रही शंभरात पन्नासच्या आसपास गुण मिळवील! म्हणून प्रत्येक अवस्थेचे गुण वेगळे विचारावेत.

पण खरी गंमत पुढेच आहे. उत्तरपत्रिका तरी कुठे पक्की आहे? अमेरिकेत अडीच हजारांहून अधिक तंत्रज्ञांनी तीच पाने तपासली, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. एकंदर एकमत ८२.६ टक्के, एन-१ बाबत तर ६३ टक्केच. तेव्हा एखादे यंत्र एका तंत्रज्ञाशी ९५ टक्के जुळत असेल, तर ते झोप शिकले की त्या माणसाची सवय शिकले, हा प्रश्न विचारावाच. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून चांगली वाट काढली. त्यांचे यंत्र एकच शिक्का न मारता प्रत्येक पानावर पाचही अवस्थांची शक्यता किती ते लिहिते. नार्कोलेप्सी या विकारात अवस्था एकमेकींत मिसळतात. ही मिसळण एका शिक्क्याखाली झाकली जाते, शक्यतांमध्ये मात्र दिसते, आणि त्यावरून त्यांना हा विकार ओळखता आला. यंत्राची शंकाच निदानाच्या कामी आली!

आता मनगटावरच्या घड्याळाविषयी. डोक्याला तार नसताना ते मुख्यतः हालचाल आणि नाडीवरून झोपेच्या अवस्थांचा अंदाज बांधते. "काल डीप स्लीप फक्त चाळीस मिनिटे" हे वाचून झोप उडवून घेऊ नये. स्लीप स्टडीच्या अहवालात मात्र 'एएचआय' हा आकडा जरूर पाहावा. निदान १० सेकंद श्वास थांबणे किंवा फार उथळ होणे, असे तासाला किती वेळा घडले ते तो सांगतो. प्रौढांमध्ये ५ पासून सौम्य, १५ पासून मध्यम आणि ३० पासून तीव्र स्लीप ॲप्निया मानतात. घोरणे मधेच थांबते आणि मग धाप लागल्यासारखा श्वास येतो, हे शेजारी झोपणाऱ्याला आधी कळते. डॉक्टरांकडे जाताना त्या व्यक्तीला बरोबर न्यावे.