नंबर पाहून ब्लॉक घेऊ नका

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपचा म्हणून दाखवलेल्या एका इंजिन ब्लॉकवर ताजा रंग मारलेला होता आणि ‘एमबी’ने सुरू होणारा नंबर त्यावर ठळक दिसत होता. सांगितलेली किंमत त्या नंबराचीच होती. मी वायर ब्रश मागितला. रंगाखाली ग्राइंडरचे गोल ओरखडे निघाले. जुना नंबर घासून नवा ठोकलेला होता.

ही फसवणूक सोपी आहे, कारण बाहेरून हे ब्लॉक सारखेच दिसतात. विलीसच्या लष्करी जीपला ‘एमबी’, फोर्डच्या जीपला ‘जीपीडब्ल्यू’, तर 1945 पासूनच्या नागरी सीजे-2एला ‘जे’. इंजिन मात्र तेच, 134 घनइंचांचं. नंबरामागे ‘ए’ किंवा ‘बी’ दिसलं तर बिचकू नका. ‘ए’ म्हणजे कारखान्यातूनच 0.010 इंच अंडरसाइज बेअरिंग, ‘बी’ म्हणजे तितकेच ओव्हरसाइज पिस्टन. आपल्याकडे महिंद्राच्या उंच बॉनेटच्या जीपमधली इंजिनंही भरपूर सापडतात. त्यांचे इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये असतात. युद्धकाळातल्या इंजिनाचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच.

आणि तडा जातो तो तिथेच, व्हॉल्व्ह सीट आणि सिलिंडर यांच्यामधल्या पातळ धातूत. नुसत्या डोळ्यांना तो दिसेलच असं नाही, म्हणून मॅग्नेटिक क्रॅक टेस्टचा आग्रह धरा. बोअर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजा. मूळ माप 3.125 इंच. 0.040 पर्यंत वाढलेलं असेल तर पुढच्या वेळी लायनरचा खर्च तुमच्या माथी, तो आधीच किमतीतून वजा करा. लायनर टाकलेला ब्लॉक मी कमी दर्जाचा मानत नाही. काम नीट झालं असेल तर गाडी चालवणाऱ्यासाठी तो उत्तमच, फक्त त्याला संग्राहकाचा भाव लावू नये.

कागदांकडेही बघा. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी होते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. तेव्हा ब्लॉकवरचा नंबर आरसीशी ताडून पाहा, पावतीवर नंबरासोबत बोअरचं मापही लिहून घ्या, आणि उरलेले पैसे तुमच्या ओळखीच्या मशीन शॉपनं ब्लॉक तपासल्यावरच द्या.