लेकराचं पोट वारंवार दुखतं? पोळी बंद करण्याआधी हे वाचा

लेकराचं पोट महिनोन् महिने दुखत राहिलं की कुणी सांगतं दूध बंद करा, कुणी सांगतं पोळी बंद करा. तळेगाव (श्यामजी पंत) इथल्या पालकांनी आधी एक क्रम लक्षात ठेवावा.

काही मुलांना गव्हातलं ग्लुटेन सोसत नाही. या आजाराला सिलियॅक म्हणतात. गहू वगळला की अशी मुलं सुधारतात, हे नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात मांडलं. आपल्याकडची ज्वारीची भाकर, भात आणि तुरीचं वरण यांत ग्लुटेन नसतं. पण रक्ताची 'टीटीजी' चाचणी होईपर्यंत पोळी चालू ठेवा. आधीच बंद केली, तर आजार असूनही चाचणीत दिसत नाही.

दुधाची शंका असेल, तर दोन आठवडे फक्त दूध थांबवा, मग पुन्हा द्या. काय खाल्लं, कधी दुखलं, शौच कसं झालं, हे रोज वहीत लिहा. फरक पडला नाही, तर दूध पुन्हा सुरू करा. एकाच वेळी चार पदार्थ तोडले, तर कारण कळत नाही आणि लेकरू मात्र वाळतं. बद्धकोष्ठानेही पोट दुखतं. पाणी, भाजी, फळं वाढवा.

वजन घटणं, शौचातून रक्त, हिरवी उलटी, ताप, रात्री झोपेतून उठवणारी कळ, यांपैकी काहीही दिसलं तर आहाराचे प्रयोग आणि उतारे थांबवा. लगेच दवाखाना गाठा. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात बालरोग विभाग आहे. जाताना वही सोबत न्या.